गळतीतली नावं

"अगं, हे लोमटे सर बोलतात किती छान!" श्रुतिका माझ्या कानाशी लागली. "लग्न झालंय का गं त्यांचं?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

व्यासपीठावर निळ्या सदऱ्यात उभे होते ते लोमटे सर म्हणजे माझा नवरा. तो सदरा सकाळी मीच इस्त्री करून दिला होता. पण घरी नवरा-बायको आणि विद्यापीठाच्या आवारात सर आणि विद्यार्थिनी, असं आमचं ठरलेलं. ठरवलं मीच. श्रीरंग सांख्यिकी विभागात शिकवायचा आणि मी अर्थशास्त्रात, एम. ए. च्या पहिल्या वर्षाला. उद्या मला चार मार्क जास्त पडले तर सरांची बायको म्हणून पडले, असं कुणी म्हणायला नको. आडनावाची अडचण नव्हती, आमच्या भागात लोमटे पायलीचे पन्नास. वर्गात एकालाही पत्ता नव्हता आणि मला त्याची गंमत वाटायची.

त्या दिवशी कुलगुरूंचा कार्यक्रम होता. असा कार्यक्रम असला की खुर्च्या भरायला आम्हाला वर्गातून उठवून आणायचे. कॉलेजाकॉलेजांत विद्यार्थ्यांना आधार म्हणून ज्या योजना चालतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का, असा विषय होता. विद्यापीठाच्या संगणकात प्रवेशाची, परीक्षेची सगळी माहिती पडून होती. ती पिंजून श्रीरंगनं अहवाल केला होता. चार महिने नुसता त्यातच बुडालेला. समोर भाकरी आणि डोळे लॅपटॉपवर. भाजीत मीठ पडलं नाही तरी त्याला कळायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, "आमच्या केंद्रे मॅडमचा वर्ग आहे का हो त्यात?" तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनातल्या मनात अरे.

"असेल. मला कॉलेजांचे नुसते क्रमांक दिसतात. नावं मी मुद्दाम बघत नाही."

"का बरं?"

"नावं बघितली की मन कलतं, मृण्मयी. आकड्यांचं काम करताना कुणाची ओळख नको."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं होतं. बाकीचे सर लोक आपल्या गावच्या कॉलेजासाठी शब्द टाकत फिरायचे आणि हा माझा नवरा गावाचं नावसुद्धा बघत नव्हता.

केंद्रे मॅडम त्या दिवशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. माझ्या माहेरच्या तालुक्याच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि दुपारी 'सोबत' नावाचा वर्ग चालवायच्या. वाड्यावस्त्यांवरनं येणाऱ्या मुलींसाठी एक खोली, इंग्रजी आणि हिशेबाचे जादा तास, आणि संध्याकाळची एसटी. मॅडम रोज स्वतः स्टँडवर येऊन उभ्या राहायच्या. "माझ्या मुली आहेत, मोजून उतरव रे बाबा," असं कंडक्टरला बजावायच्या. घरचे लोक मुलींना कॉलेजात पाठवायचे ते मॅडमच्या या शब्दावर. 'सोबत' बंद म्हणजे त्या मुली घरी, आणि घरी बसलेली मुलगी वर्षाच्या आत उजवली जाणार, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. मी स्वतः त्या खोलीत वर्षभर बसलेली. पहिलं वर्ष झालं आणि माझं लग्न ठरलं. लग्नात सगळ्यांनी साड्यांचा आहेर केला, मॅडमनी माझा कॉलेज सोडल्याचा दाखला आणला. मांडवात सासऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पुढं शिकवायचं कबूल केलंत ना? मग हा शहरातल्या कॉलेजात द्या आणि उद्याच नाव घाला." सासऱ्यांनी खरोखर घातलं. श्रीरंग तर आधीपासून तयारच होता.

सभागृहात आल्या आल्या मॅडमनी मला पाहिलं होतं. लांबूनच मान हलवून हसल्या होत्या. त्यांच्याजवळ जावं, पाया पडावं, असं मनात आलं. पण श्रुतिका आणि बाकीच्या जणी सोबत होत्या. कोण गं या, असं विचारलं असतं, मग गाव, मग कॉलेज, मग सगळंच निघालं असतं. मी नुसता हात हलवला.

श्रीरंगचं बोलणं रंगात आलं होतं. पडद्यावर रंगीत खांब वर-खाली होत होते. "मध्यंतरी विद्यापीठाचं सॉफ्टवेअर बदललं," तो सांगत होता, "त्यामुळे जुने नोंदणी क्रमांक नव्याशी जुळत नाहीत. म्हणून आम्ही संपूर्ण नावावरून जुळवणी केली. पहिल्या वर्षाला जे नाव होतं ते तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात सापडलं, तर विद्यार्थी टिकला. नाही सापडलं, तर गळाला."

कुलगुरू मिश्कील माणूस. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "लोमटे, हा सगळ्यात उंच खांब कुणाचा? क्रमांक सात?"

"गळतीचा आहे सर. शंभरातल्या सत्तेचाळीस मुली तिसऱ्या वर्षापर्यंत पोचत नाहीत."

"कॉलेज कुठलं?"

श्रीरंगनं कागद उलटला आणि माझ्या तालुक्याचं नाव घेतलं. मॅडमची मान वर झाली.

"आणि सर," तो म्हणाला, "त्याच कॉलेजातल्या ज्या मुलींनी या वर्गात नाव घातलं नव्हतं, त्यांची गळती पुष्कळच कमी आहे."

"म्हणजे आधार दिला की पोरी जास्त गळतात?"

सभागृह हसलं. श्रीरंगही थोडा हसला. त्याला वाटलं, सभा आपल्या हातात आलीय.

"नुसते आकडे नका सांगू," कुलगुरू म्हणाले. "कोण मुली आहेत या? चार नावं वाचा बघू."

श्रीरंगनं यादी उघडली. आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं नाव. परीक्षेच्या कागदांवर असतात तशी. तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. "घोडके अनिता भास्कर. जोगदंड रंजना सखाराम. ठोंबरे धुरपता..."

"धुरपता!" श्रुतिकानं तोंडावर ओढणी दाबली. "ईऽऽ, कुणी ठेवलं असेल गं!"

मागच्या रांगेतल्या कुणीतरी पोरानं "ओ धुरपताबाईऽ" अशी बारीक आवाजात हाक मारली. आमची रांगच्या रांग खुसखुसली. मीही हसले.

धुरपता ज्ञानोबा ठोंबरे म्हणजे मी.

वडिलांच्या आत्याचं नाव मला ठेवलं होतं. शाळेत हजेरी सुरू झाली की मी बाकाखाली काहीतरी शोधायला लागायचे. बाकीच्या जणी पल्लवी, सारिका, अश्विनी, आणि मी मेली धुरपता. पोरं वेणी ओढून "धुरपते, पाणी आण" म्हणायची. लग्न झालं, सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि श्रीरंगनं अंगठीनं त्यावर लिहिलं, मृण्मयी. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. काहीजणी सासरच्या नावाला नाक मुरडतात, मी तर त्या तांदळांकडं बघून लाजले, हसले, मनात दहादा म्हणून पाहिलं. सरकारी राजपत्रात नाव छापून आणायला मीच त्याच्या मागं लागले होते. धुरपता एकदाची सुटली, असं वाटलं होतं मला.

"हसू नका," श्रीरंग माईकवरून रागावला. "यात हसण्यासारखं काय आहे? ठोंबरे धुरपता ज्ञानो..."

तिथं त्याचा आवाज अडला.

ज्ञानोबा हे नाव त्याच्या फोनमध्ये होतं. दर रविवारी तो माझ्या वडिलांना फोन करायचा, पाऊसपाणी विचारायचा, ज्वारी कधी पाठवता म्हणायचा. माझं नाव त्यानं एकदा नाही, दोनदा वाचलं, तोंडातनं सरळ गेलं. अडला तो माझ्या बापाच्या नावाला.

त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. पिता पिता अर्थशास्त्राच्या रांगा शोधल्या आणि त्याला मी दिसले. माझ्या तोंडावरचं हसू तेव्हा पुरतं गेलंही नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "...ज्ञानोबा. ही विद्यार्थिनी... पहिल्या वर्षानंतर गळालेली दिसते."

"पुढचं?" कुलगुरू म्हणाले.

"पुढच्या अशाच आहेत, सर."

"मग प्रश्नच मिटला. क्रमांक सात बंद करू. तो निधी दुसरीकडं कामाला येईल."

केंद्रे मॅडम उठल्या. त्यांच्यापुढं माईक नव्हता, पण तीस वर्षं वर्गात शिकवलेला गळा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"सर, माझ्या मुली गळालेल्या नाहीत. लग्नं झालीत त्यांची. सासरी नावं बदलली. कुणाची तर पहिली नावंसुद्धा बदलली. दुसऱ्या गावांत, दुसऱ्या कॉलेजांत शिकताहेत त्या. माझ्या वर्गात येतात त्या वस्तीवरच्या मुली, त्यांची लग्नं लवकर होतात. बाकीच्या मुली गावातल्या, त्यांची उशिरा होतात. म्हणून हा खांब उंच दिसतोय."

"सगळ्या शिकताहेत?"

"सगळ्या नाही. पुष्कळ."

"मॅडम, तुमची तळमळ कळते मला," कुलगुरू म्हणाले, आणि ते खरंच सौम्यपणे म्हणाले. "पण एक तरी दाखवा. आता वाचली ती... काय ते, धुरपता. कुठं आहे ती?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. मग त्यांनी व्यासपीठाकडं पाहिलं. लग्नाला आल्या होत्या, जावयाला ओळखत होत्या. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि सगळा घोळ त्यांच्या ध्यानात आला, हे मला स्पष्ट दिसलं.

"सर, ते मी सांगणं बरं नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या घरचा प्रश्न आहे. तिला वाटलं तर ती सांगेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे सर."

"मग सांगा की!"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. पर्स छातीशी धरलेली. त्यांच्या वर्गावर शेवटची कुदळ पडत होती आणि एका शब्दानं त्यांना ती थांबवता आली असती. पण त्या माझा संसार सांभाळत होत्या. आणि श्रीरंग? तो माईकजवळ खांबासारखा उभा. चार महिन्यांचं काम, वर बसलेले सगळे वरिष्ठ. त्याच्या ओठांवर घाम आलेला मला इथनं दिसत होता. बोल ना रे, मी मनात म्हणाले. बोल. तुला माहीत आहे. पण तो बोलेना. आणि मग मला वाटलं, मी तरी काय करतेय? त्या खोलीत आत्ता या वेळेला कुणीतरी धुरपता बसलीच असेल की, हिशेब शिकत, एसटीची वाट बघत.

मी उठले.

"अगं, कुठं चाललीस?" श्रुतिकानं माझा हात ओढला.

एका शिपायानं माझ्या हातात माईक दिला. "हां, बोला," कुलगुरू म्हणाले.

"सर, ती... ती मुलगी मी आहे."

"कोण मुलगी?"

"आत्ता नाव वाचलं ती."

सगळं सभागृह मागं वळून बघायला लागलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं! नाव सांगा तुमचं," कुलगुरू म्हणाले. "पूर्ण नाव सांगा."

आणि मी सांगितलं, "मृण्मयी श्रीरंग लोमटे."

तोंडातनं निघून गेलं. तीन वर्षं कुणीही नाव विचारलं की हेच सांगत आले होते. बँकेत, दवाखान्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये. जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. सभागृहात केवढा हशा पिकला! मी पुन्हा माईक तोंडाशी नेला. "नाही, म्हणजे... माझं..." त्यापुढं दातखीळ बसली. धुरपता हा शब्द घशापर्यंत आला. आणि मला ते मागचं पोर आठवलं, ओढणीत हसणारी श्रुतिका आठवली, शाळेची हजेरी आठवली. अहो, माझंच नाव, पण मला ते चारचौघांत उच्चारायची लाज वाटली. माझा बाप तिथं असता तर काय म्हणाला असता?

"मृण्मयीबाई," कुलगुरू हसत म्हणाले, "आम्ही धुरपता शोधतोय. बसा खाली."

आणि मी बसले. मुकाट्यानं खुर्चीत बसले. मॅडमकडं बघायची हिंमत झाली नाही.

"चला, पुढचा विषय," कुलगुरू म्हणाले.

"सर." माईक खरखरला. श्रीरंग होता. "सर, तिचं नाव धुरपताच आहे."

"तुम्हाला हो कसं माहीत?"

"मीच बदललं, सर. ती माझी बायको आहे."

श्रुतिकाचा हात माझ्या दंडावर होता, तो अलगद निघून गेला.

कुलगुरूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे तुमच्या तक्त्यात तुमची बायकोच गळालीय?"

"हो सर."

"आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"नाही सर. नाव वाचल्यावर कळलं. कळल्यावरही मी बोललो नाही. अहवाल चुकलाय, सर. मी तो मागं घेतो."

मग मात्र हसू फुटलं. वरच्या लोकांचंही फुटलं. श्रीरंगचे कान लालभडक झाले होते. कागद गोळा करताना एक खाली पडला, तो उचलायला वाकला, दुसरा पडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो तिथं एकटा उभा राहून सगळ्यांचं हसणं झेलत होता आणि मी ओढणीचं टोक पिळत बसले होते.

हसणं ओसरल्यावर कुलगुरूंनी निकाल दिला. "पुढच्या सोमवारी व्यवस्थापन परिषदेची बैठक आहे. तोपर्यंत मुली शोधा. ज्या शिकताना सापडतील त्या धरू. नाही सापडल्या, तर मॅडम, माझाही इलाज नाही."

घरी गेल्यावर मी चहा टाकला. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"ज्ञानोबामामांचं नाव आलं आणि छातीत धस्स झालं," तो म्हणाला.

"माझं नाव आलं तेव्हा नाही झालं?"

त्यानं खोटं सांगायचं ठरवलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. पण तो चहाकडं बघत म्हणाला, "नाही. तुझं आहे हे लक्षातच आलं नाही. माफ कर मला."

मी चिडायला हवं होतं. भांडायला तोंड उघडलंही. पण कुठल्या तोंडानं भांडणार? त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर आलं होतं, आणि मी हसले होते.

"साखर घाला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं त्याच्या केबिनमध्ये बसलो. मॅडमच्या फोनमध्ये सगळ्या मुलींचे, त्यांच्या आईबापांचे नंबर होते, आणि सगळ्या मुली माहेरच्या नावानं. मॅडम आणि मी फोन लावायचो, श्रीरंग टिपून घ्यायचा. जुनं नाव, नवं नाव, कॉलेज. मॅडम त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट घरनं शंकरपाळे आणायच्या आणि "घ्या जावईबापू" म्हणून डबा पुढं करायच्या. त्यानं तो जास्तच खाली मान घालायचा.

अनिता घोडके स्नेहल झाली होती आणि नांदताना बी. ए. होऊन बी. एड. करत होती. रंजना जोगदंड नावानं रंजनाच राहिली होती, पण बापाचं नाव आणि आडनाव गेलेलं, म्हणून यंत्राला सापडली नाही. एकीनं "राँग नंबर" म्हणून फोन आपटला आणि थोड्या वेळानं गच्चीवरून परत केला. "मॅडम, सासूबाई शेजारी होत्या. हो हो, मीच. तिसऱ्या वर्षाला आहे." मॅडम प्रत्येक फोन ठेवल्यावर डोळे पुसायच्या आणि लगेच पुढचा लावायच्या. मुलगी सापडली की श्रीरंग तिचं नाव मोठ्यानं म्हणायचा, आधीचं आणि आताचं, दोन्ही.

शनिवारी दुपारी त्यानं बेरीज केली. "मॅडम, दोन तृतीयांशाहून जास्त मुली शिकताना सापडल्यात. खांब निम्म्याच्याही खाली आला. आता कुणीही वर्ग बंद करू शकत नाही."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत मागं टेकून त्या नुसत्या "बाई गं, बाई गं" म्हणत राहिल्या.

"चार-पाचच राहिल्यात," मी म्हणाले. "त्या पण करून टाकू." पुढचा नंबर मी माझ्या हातानं लावला. सोजर मुळूक. वर्षभर एसटीत माझ्या शेजारी बसायची. इंग्रजीत माझ्याहून हुशार होती.

"हॅलो, कोण पायजे?" मागं भांडी वाजत होती आणि लेकरू रडत होतं.

"सोजर आहे का? सोजर मुळूक?"

पलीकडं सगळं थांबलं. मग हळूच आवाज आला, "धुरपते? तू हायस व्हय?"

इतक्या वर्षांनी तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं. मग मी आपलं विचारलं, "कशी आहेस गं? शिकायलीस का कुठं?"

"मी? छे गं. दोन लेकरं झाली. दुसऱ्या वर्साचा फारमच नाही भरू दिला. मॅडम दोनदा आल्त्या घरी. सासऱ्यानं चहा पाजून वाटंला लावलं त्यास्नी."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"का इचारलंस?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. वर्ग, यादी, गळती.

"म्हंजी मी तुमच्या काही कामाची नाही," ती हसली. "मला गळालेल्यांत ठिवणार."

"हो गं. तुझं नाव त्या यादीत तसंच राहील."

"तसंच म्हंजी? सोजर म्हणून?"

"सोजर म्हणूनच. कॉलेजात होतं तसं."

भांड्यांचा आवाज लांब गेला, ती बाजूला गेली असावी. मग म्हणाली, "हितं मी पूजा हाय. आधार कार्डावर पूजा, रेशनवर पूजा, दवाखान्यात पूजा. माहेरात बी आता पूजाच म्हणत्यात, जावयाला राग येतो म्हणून. सोजर कुठंच नाही ऱ्हायली. तिथं हाय का अजून, खरंच?"

"आहे. माझ्या समोर आहे."

"खोडू नका बरं."

"नाही खोडत."

"वाच की एकदा. सर हजेरीला वाचायचे तसं वाच."

मी यादी जवळ ओढली. गळा साफ केला आणि वाचलं, "मुळूक सोजर उत्तरेश्वर."

"हजर!" ती म्हणाली. वर्गात म्हणायची तशीच, ठणठणीत. मागनं कुणीतरी ओरडलं, "कुणाशी बोलायलीस गं पूजा?" आणि फोन बंद झाला.

मला त्या दिवशीचं सभागृह आठवलं. माझ्या हातात माईक होता, समोर कुलगुरू होते, पाठीशी मॅडम होत्या, शिकवणारं सासर होतं, आणि मला माझं नाव घेता आलं नव्हतं. हिच्याकडं यातलं काहीएक नव्हतं.

"सोजर काय म्हणाली?" श्रीरंगनं पेन उचलून विचारलं. "काय लिहू?"

"गळालेली," मी म्हणाले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.